चिंचेच्या थांब्यावर निरंक

चिंचेच्या थांब्यावर रोज सात मुली माझ्या गाडीत चढायच्या आणि मी कागदावर "निरंक" लिहायचो. एक महिना लिहिलं. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. माझ्या जोडीच्या ड्रायव्हरला अंदाज असावा, पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि आता ते हयात नाहीत.

निरंक म्हणजे काही नाही. आमच्या खात्यात नुसतं शून्य काढून चालत नसे, मागाहून कोणी त्याला काना-मात्रा जोडून आकडा करील म्हणून. शब्दातच लिहायचं. तीन अक्षरं, एक अनुस्वार. माझं अक्षर चांगलं आहे.

मी कंडक्टर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागलो. आमचं घर नाशिकच्या कडेला, मळ्यातलं. वडील फ्लॉवर-मेथी लावायचे आणि पहाटे मार्केटला न्यायचे. हायस्कूल लांब होतं आणि बसच्या भाड्याचे पैसे घरात एकालाच पुरायचे. ते मला मिळाले. माझ्याहून मोठी बहीण चौथीनंतर मेथीच्या जुड्या बांधायला बसली. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, हे असंच व्हायचं असतं असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. मी खिडकीत बसायचो आणि ती बांधावरून हात करायची. हे आधी सांगून टाकतो, कारण मला कळत नव्हतं असं पुढे कुठे म्हणायची सोय नको.

चिंचेचा थांबा नाशिकहून वणीकडे जाताना लागतो. त्याला पाटी नव्हती, शेड नव्हती. चढावर एक जुनी चिंच, तिच्या बुंध्याला कोणीतरी चुना फासलेला, आणि आत दीडएक किलोमीटरवर वाडी. वाडीत टोमॅटो आणि झेंडू. वाडीतल्या बाया झेंडूच्या टोपल्या घेऊन वणीला जायच्या. गडावर जाणाऱ्या भाविकांना फुलं लागतात, वर्षभर लागतात. कागदोपत्री हा विनंती थांबा होता. म्हणजे हात केला तर गाडी थांबवायची. थांबवायची की नाही हे प्रत्यक्षात दोन माणसं ठरवत: गाडी चालवणारा आणि घंटीची दोरी ओढणारा.

त्या वाडीतली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा वणीच्या अलीकडच्या मोठ्या गावात, आठ किलोमीटरवर. सातवी झाली की मुलगे सायकलने जायचे आणि मुली मळ्यात. मग सरकारने शाळकरी मुलींना बसचा पास फुकट केला. शाळेचा शिक्का मारलेलं, फोटो चिकटवलेलं कार्ड. त्या जूनमध्ये चिंचेखाली सात मुली उभ्या दिसल्या. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, कोणाच्या पायात स्लिपर, कोणाच्या प्लास्टिकच्या चपला. गाडी थांबली तेव्हा सातहीजणींनी एकदम कार्डं वर केली, जणू मी मागच्या जन्मीचं काही ओळखून घेणार होतो.

आमच्यात एक रीत पडून गेली होती, ती बाहेरच्याला सांगायला हवी. आमच्या डेपोत प्रत्येक फेरीचं उत्पन्न बघितलं जायचं. कोणाची गाडी किती आणते, यावर शाबासकी आणि यावरच बोलणी. फुकट पासाचे पैसे सरकार वरच्या वर देत असेल, पण ते माझ्या पिशवीत दिसायचे नाहीत. पासवाले भरले की गाडी भरलेली आणि पिशवी हलकी. ड्रायव्हरचं वेगळंच. त्यांच्या मागे डिझेलचा हिशेब. चढावर गाडी उभी केली की पहिल्या गिअरपासून उचलावी लागते, डिझेल जास्त जातं. त्यामुळे लांबून थांब्यावर नुसते दप्तरवाले दिसले की ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायचे आणि मी दोरी दोनदा ओढायचो. डबल बेल. चला. कोणी कोणाला काही बोलायची गरज नसायची. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं हेच होतं.

म्हणजे पास मुलींच्या हातात होता आणि दोरी माझ्या.

टोपलीवाली बाई मात्र उभी असली की थांबायचंच. तिचं तिकीट, शिवाय टोपलीचं लगेज. मुलींच्या हे पंधरा दिवसांत लक्षात आलं. मग त्या टोपलीवालीच्या मागे, तिच्या पदराआड उभ्या राहायला लागल्या. गाडी थांबली की तिच्यामागून एक-दोन-तीन करत सातजणी निघायच्या. ड्रायव्हर म्हणायचे, "मास्तर, बघा, कोंबडीच्या पंखाखालून पिलं निघाली." आम्ही हसायचो. तोपर्यंत हसण्यासारखंच होतं.

त्या टोपलीवालीची मुलगी त्या सातांत होती. सगळ्यांत उंच, नववीला; आठवी तिने मामाच्या गावी राहून केलेली. वेणीला रिबिनीऐवजी सुतळीचा तुकडा. एकदा गाडी चढाला लागली तेव्हा लांबून टोपली दिसली. डोक्यावर ओलं फडकं टाकलेली, भरलेली टोपली. ड्रायव्हरनी गाडी उभी केली. चढली ती ही पोरगी. तिच्यामागे सहाजणी. आई नव्हतीच.

"आई कुठाय?" मी म्हणालो.

"मळ्यात. आज फुलं नाय तोडली."

"मग टोपलीत काय?"

मी फडकं उचललं. वर दहा-बारा झेंडू आणि खाली सात दप्तरं.

पुढच्या बाकावरचा एक म्हातारा खो-खो हसला. "अगं ए, फसवलं की सरकारला!"

माझा अपमान झाल्यासारखं मला वाटलं. मी तोंड घट्ट करून म्हणालो, "गाडीला फसवता? उतरवू का इथंच?"

तिने रुमालाची गाठ सोडली आणि नाणी पुढे केली. "लगेजचं तिकीट फाडा काका. टोपली हाय ना? मग तर थांबाल."

गाडी हसली. पोरीही तोंडावर हात धरून हसल्या. ती तेवढी हसली नाही. आणि मी काय केलं, तर तिकीट फाडलं. दप्तरांच्या टोपलीचं. चिमट्याने भोक पाडून तिच्या हातात दिलं. तिने ते वहीत नीट घालून ठेवलं.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा ती टोपली आणायची. ड्रायव्हरनाही ठाऊक झालेलं, तरी आम्ही थांबायचो. टोपली दिसली की थांबायचं, हाच जणू करार. फुकट प्रवासासाठी ती मुलगी भाडं देत होती, आणि यात काही वावगं आहे असं माझ्या मनात तेव्हा आलं नाही. उलट मला तिचं कौतुकच वाटायचं. कौतुक वाटायला काही लागत नाही.

दिवाळीनंतर वाडीतल्या लोकांनी डेपोत अर्ज दिला. दोन मागण्या होत्या. एक, चिंचेचा थांबा कायमचा करावा, हात केला-न केला तरी गाडी थांबली पाहिजे. दुसरी, संध्याकाळी शाळा सुटल्यावर मोठ्या गावाहून एक जादा फेरी द्यावी. कारण परतीची पाचची गाडी वणीहूनच खच्चून भरून यायची, ती मुलींना घ्यायची नाही, आणि मग त्या आठ किलोमीटर चालत जायच्या. डेपोने अर्ज टाकून दिला नाही, हे सांगितलं पाहिजे. मला बोलावून एक तक्ता दिला. महिनाभर रोज लिहा: या थांब्यावरून किती विद्यार्थिनी चढल्या. आकडा दिसला तर देऊ.

तक्ता माझ्याकडेच आला, कारण सकाळची ती फेरी माझी होती. आणि जादा फेरी निघाली तर तीही माझ्याच ड्युटीला जोडली जाणार होती, हे मला तिथेच कळलं. सहाला घरी पोचणारा मी नऊला पोचलो असतो.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. संध्याकाळी मी तिला घेऊन पाढे म्हणायला बसायचो. तिच्यासाठी केलं असं म्हणता येईल, आणि बरीच वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो. पण पाढे तिच्या आईलाही येत होते. मला सहाला घरी येऊन, बूट काढून, ओसरीत चहा प्यायचा असायचा. एवढंच होतं. त्याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

ड्रायव्हर म्हणाले, "मास्तर, चढावर रोजचा थांबा म्हणजे माझं डिझेल गेलंच म्हणा." मग थोड्या वेळाने, काच पुसता पुसता, "काय लिहायचं ते तुमच्या हातात आहे."

पहिल्या दिवशी सात चढल्या. मी तक्ता मांडीवर घेतला आणि पेन उघडून बराच वेळ तसाच बसलो. मग निरंक लिहिलं. वाटलं, उद्या खरं लिहू, एका दिवसाने काय होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल निरंक आणि आज सात, हे कसं दिसेल. तिसऱ्या दिवसापासून काही वाटलं नाही.

त्या महिन्यात मी गाडी रोज थांबवली. हे विशेष. एकही डबल बेल मारली नाही. मुलींना वाटलं, अर्जाचाच हा परिणाम. टोपली बंद झाली. त्या खुशीत असायच्या, मागच्या बाकावर बसून कविता म्हणायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या. एकदा ती उंच पोरगी माझ्या सीटजवळ येऊन उभी राहिली. तक्ता माझ्या मांडीवर उपडा होता.

"काका, आमचीच नोंद का ही?"

"हो."

"रोज लिहिता?"

"रोज."

"आज आम्ही सहाच हाव. एकीला ताप आलाय." मग जरा वाकून, हळू आवाजात, "पण सात लिहा ना. आकडा कमी नको पडायला."

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "खोटं कसं लिहू?"

ती लाजली. खरोखर लाजली, कान लाल झाले. "नाय, नाय. सहाच लिहा मग," म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

मी निरंक लिहिलं.

महिना झाला, तक्ता दिला, बाबूने बघितला. "एकसुद्धा नाही? मग अर्ज कशाला करतात हे लोक?" मी खांदे उडवले. पंधरा दिवसांत उत्तर गेलं की सदर थांब्यावर विद्यार्थिनी प्रवासी आढळून येत नसल्याने मागणी मान्य करता येत नाही. आणि ओघाओघात विनंती थांब्यांच्या यादीतूनही चिंचेचं नाव गेलं. ते मी मागितलं नव्हतं. पण माझ्या कागदावरूनच ते गेलं.

त्यानंतर थांबायचं कारणच उरलं नाही. यादीत नाही म्हणजे नाही. पहिले काही दिवस सातहीजणी हात करत उभ्या असायच्या. मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून तिकिटं मोजायचो. मग त्या पुढच्या अधिकृत थांब्यापर्यंत चालत यायला लागल्या, तीन किलोमीटर. पोचल्या तर गाडीत, नाही पोचल्या तर शाळा नाही. होळीपर्यंत चार राहिल्या. परीक्षेच्या सुमाराला ती उंच पोरगी एकटीच दिसायची, धापा टाकत, वेणी सुटलेली. चढली की कार्ड दाखवायची. मी बघितलं न बघितलं करायचो. एकदा म्हणाली, "आमचं नाय झालं काका." जणू मलाही वाईट वाटत असणार.

पुढच्या जूनमध्ये एकही नव्हती.

श्रावणात तिची आई त्या पुढच्या थांब्यावर चढली, टोपली घेऊन. मी तिकीट फाडलं, लगेजचं फाडलं. सुट्टे देता देता विचारलं, "पोरगी काय करते?"

"काय करणार भाऊ. मळ्यात येते माझ्यासंगं. दहावीला बसायचं म्हणत होती, पण एकटीला त्या रस्त्यानं कसं धाडायचं? गावातच स्थळ आलंय, देऊन टाकू." टोपली तिने दोन पायांत नीट धरली. "नोंदीत आलं नाय म्हणे. सात-सात पोरी रोज जायच्या, आणि नोंदीत कोणीच नाय. कोण मेला बसला होता लिहायला, देव जाणे. डोळे फुटले असतील त्याचे."

"असेल," मी म्हणालो. आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेलो.

वर्षभरात मी खटपट करून ड्युटी बदलून घेतली. सातपूरच्या कारखान्यांकडे जाणारी शहरातली गाडी मिळाली. पहिल्या पाळीचे कामगार, डबे, इंजिन ऑइलचा वास. तिकडे थांबे पक्के, शेडवाले, पाटीवाले. कोणाला हात करावा लागत नाही. माझी मुलगी पुढे कॉलेजला सिटी बसच्या पासावर गेली. एखाद्या दिवशी बस न थांबता गेली की घरी येऊन तणतणायची, "बाबा, तुमचे लोक ना, अक्कल नाही त्यांना." बायको हसायची. मी आत जाऊन पाणी प्यायचो.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण गेल्या जूनमध्ये रजेवरच्या माणसाच्या जागी मला चार दिवस वणीची फेरी आली. मशीनची तिकिटं आली आहेत आता, चिमटा गेला. दोरी आहे. चढाला लागलो तेव्हा मी मुद्दाम मशीनमध्ये डोकं घातलं. पुढच्या थांब्यावर एक बाई चढली, कडेवर एक आणि हाताशी एक लहान. उंच. तिकिटाचे पैसे देताना थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका! तुम्ही ते लगेज तिकीटवाले ना?"

मी ओळखलं नाही असं दाखवलं. पण तिने सोडलं नाही. शेजारी सीट रिकामी झाली तिथे बसली आणि हाताशी असलेल्या मुलाला सांगायला लागली, "हे काका आमच्यासाठी लय थांबायचे. बाकीचे कोणी थांबत नव्हते. आमची रोज नोंद करायचे. मी म्हटलं एक जास्त लिहा, तर म्हणे खोटं नाय लिहिणार." ती हसली. "लय खरे. वरच्यांनीच दाबली असंल ती नोंद."

मी मशीनचं बटण दाबत होतो. कागद उगाच बाहेर येत राहिला.

मग तिने कामाचं काढलं. वाडीत आता पाच मुली सातवी झाल्या आहेत. तिच्या जावेची एक. जीपवाले नेतात, पण रोजचे पैसे घेतात. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या दोन जातात, तिघी घरी. पास फुकटच आहे, पण चिंचेला गाडी थांबत नाही. तिने स्वतः अर्ज लिहून दिला डेपोत. "माझ्याच अक्षरात, काका. नववी झालीय ना." डेपोतून सांगितलं, जुन्या फाइलीत नोंद निरंक आहे, तिथे मुली नसतातच, पुन्हा तक्ता कशाला.

"तुम्ही सात लिहायचे ना तेव्हा? तेवढंच एका कागदावर लिहून द्या. की मी होतो ड्युटीला, आणि पोरी चढायच्या. मग त्यांना ऐकावं लागंल."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नाय. द्या." तिने मुलाच्या नाकाला पदर लावला. "तुमचं ऐकतील. तुम्ही खात्यातले."

वणीला उतरताना तिने मला वाडीतल्या घराची खूण सांगितली, चिंचेपासून आत, पाण्याच्या टाकीशेजारी. मी मान हलवली. उरलेले तीन दिवस मी आजारी असल्याचं कळवलं.

त्याला आता सात महिने होतील. परवा त्या फेरीवरच्या एका पोराला मी सहज विचारलं, चिंचेला थांबता का? तो म्हणाला, "ती कुठली चिंच?" मी सांगितलं. "ती होय. तिथं असतात दोन-तीन पोरी सकाळी. यादीत नाही ना पण ते."

इतके दिवस मला वाटत होतं की मी तिचं काय देणं लागतो ते फेडता येण्याजोगं नाही. तिची दहावी मी कुठून आणून देणार? असं म्हटलं की बरं वाटायचं. मोठं, न फिटणारं देणं असलं की माणसाला स्वस्थ बसता येतं. पण तिने माझ्याकडे दहावी मागितली नाही. तिने एक कागद मागितला. फक्त तिला वाटतं त्यापेक्षा त्यात एक ओळ जास्त लागेल, आणि ती वाचून ती मला काय म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही, याला मी भीत आलो. नोकरीचं काय होईल याचीही भीती आहे. ती तुलनेने कमी आहे.

हे जे लिहिलं त्यात मी कोणाचं नाव घातलेलं नाही, माझंही नाही. त्या कागदावर नाव लागेल, बिल्ला नंबर लागेल, सही लागेल. मजकूर असा: चिंचेच्या थांब्यावर त्या महिन्यात रोज सहा-सात विद्यार्थिनी चढत होत्या. मी ड्युटीवर होतो. निरंक मी लिहिलं, ते खोटं होतं. एक प्रत डेपोत द्यायची आणि एक पाण्याच्या टाकीशेजारच्या घरी, तिच्या हातात.

तो कागद मी अजून दिलेला नाही. ते माझ्याकडून तिचं आणि त्या पाच मुलींचं येणं आहे.